सीतेची वेणी दर पावसाळ्यात खंगते, फुलत नाही: दोष कुठे शोधायचा?

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. मे महिन्यात फुलांच्या लोंबत्या तुऱ्यासकट सीतेची वेणी हे झाडांच्या फांद्यांवर वाढणारं ऑर्किड घरी येतं. फुलं दोन-तीन आठवडे टिकतात, सगळे खूश असतात. पावसाळ्यात खालची दोन-तीन पानं पिवळी पडून गळतात. दिवाळीच्या सुमारास उरलेल्या पानांवर लांबच लांब सुरकुत्या दिसू लागतात. रोपाला पाणी कमी पडतंय असं वाटून हिवाळाभर पाणी वाढवलं जातं. पुढच्या मे महिन्यात तुरा येत नाही, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात रोप जातं. नवं आणलं तरी दोन वर्षांत तेच. शेवटी घरात ठरतं, की आपल्याकडचा पाऊस या झाडाला सोसत नाही. मग तिसरं रोप पावसाळाभर घरात किंवा प्लास्टिकच्या छपराखाली ठेवलं जातं आणि ते आधीच्या दोघांपेक्षाही लवकर संपतं.

पाऊस सोसत नाही, ही समजूत आधी सोडायला हवी. सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा, ही सह्याद्रीच्याच रानातली. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्या परिसरातल्या झाडांवर ती चार महिने धो धो भिजत असते. कोकणात आंब्या-फणसावर, जांभळावर, ऐनावर ती दिसते. गोव्यात दिसते. भारताबाहेर श्रीलंका, नेपाळ, म्यानमार, थायलंडपासून इंडोनेशिया आणि फिलिपिन्सपर्यंत तिचा पसारा आहे. आसाम आणि अरुणाचल प्रदेशचं ती राज्यफूल आहे. आसामात तिला कोपौ फूल म्हणतात आणि वैशाखातल्या बिहूला नाचणाऱ्या मुली तिचा तुरा केसांत माळतात. हे सगळे पावसाचे प्रदेश आहेत. तेव्हा ७०० मिलिमीटर पावसाच्या पुण्यात ती पावसाने मरते हे पटण्यासारखं नाही.

मग मरते कशाने? फांदीवर तिची मुळं कशी असतात ते पाहिलं की उत्तर सापडतं. जाड, करंगळीएवढी मुळं सालीला चिकटून पसरलेली असतात, काही हवेत लोंबत असतात. पाऊस त्यांच्यावरून वाहून जातो. तासाभराची उघडीप आणि थोडा वारा मिळाला की ती वरून कोरडी होतात. पुन्हा सर आली की पुन्हा भिजतात. दिवसातून दहा वेळा भिजणं आणि दहा वेळा निथळणं, हा त्यांचा पावसाळा. कुंडीतल्या नारळाच्या सोडणात अडकलेलं मूळ जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भिजतं ते सप्टेंबरपर्यंत निथळतच नाही. मुळांनाही श्वास लागतो, आणि साचलेल्या पाण्यात तो कोंडतो. सगळा प्रश्न इथे आहे, म्हणून तपासणीची सुरुवात पानांऐवजी मुळांपासून करायची.

मुळं तपासताना

रोप पूर्ण कोरडं असताना बघा, मग पाणी फवारून दहा मिनिटांनी पुन्हा बघा. जिवंत मूळ कोरडं असताना चंदेरी-पांढरं दिसतं आणि भिजल्यावर हिरवं होतं. याचं कारण असं, की मुळावर मृत पेशींचं एक स्पंजासारखं आवरण असतं. पेशींत हवा असते तेव्हा ते पांढरं दिसतं, पाणी भरलं की पारदर्शक होतं आणि आतला हिरवा थर दिसू लागतो. तो हिरवा थर पानांसारखाच उजेडावर अन्न तयार करतो. या झाडाचं मूळ मातीत किंवा काळोख्या कुंडीत पुरणं का चुकीचं, तेही यावरून कळेल.

आता मूळ दोन बोटांत धरून हलकेच दाबा. टणक लागलं तर ते जिवंत आहे, मग रंग थोडा तपकिरी असला तरी काळजी नको. सालीला चिकटलेली जुनी मुळं तपकिरी होतातच, आणि नीट काम करत असतात. दाबल्यावर पिचलं, आतून पोकळ लागलं, किंवा वरचं आवरण मोज्यासारखं निघून आत नुसता दोरा राहिला, तर ते मूळ मेलेलं आहे. मेलेलं मूळ कितीही पाणी घातलं तरी पुन्हा जिवंत होत नाही. नवीन मूळ फुटतं ते खोडातून किंवा एखाद्या जिवंत मुळाच्या कडेने.

पानांवरच्या सुरकुत्यांचा अर्थ इथे लागतो. रोप तहानलेलं आहे हे खरंच, पण बाहेर पाणी कमी आहे म्हणून नव्हे. पाणी ओढणारी मुळंच उरलेली नाहीत. अशा वेळी पाणी वाढवलं की जी दोन-चार मुळं शिल्लक असतात तीही कुजतात. दिवाळीनंतरचं जास्तीचं पाणी रोपाचा घात करतं ते असं. उलट मुळं भरपूर, टणक आणि कायम चंदेरी असतील, पाणी घातल्यावरही हिरवी व्हायला वेळ लागत असेल, तर मात्र पाणी खरोखरच कमी पडतंय. सुरकुती दोन्हीकडे सारखीच दिसते. फरक सांगतात ती मुळं, म्हणून त्यांना पाहिल्याशिवाय पाण्याचा निर्णय घेऊ नका.

मुळं मेली असतील तर कारण बहुधा यांपैकी एक

सगळ्यांत जास्त वेळा सापडतं ते कुजलेलं सोडण. विकत आणलेलं रोप बहुधा छोट्या जाळीदार प्लास्टिक कुंडीत, सोडणाच्या तुकड्यांत किंवा शेवाळात घट्ट बसवलेलं असतं. विक्रेत्याच्या शेडमध्ये, वारा आणि मोजून दिलेलं पाणी असताना ते चालून जातं. आपल्याकडे पहिल्या पावसाळ्यात सोडण फुगतं, दुसऱ्यात त्याचा लगदा होतो. वरून ते कोरडं दिसतं, पण बोट खुपसलं की आत ओलं आणि आंबूस वासाचं असतं. काही जण ही छोटी कुंडी तशीच मोठ्या मातीच्या कुंडीत बसवतात. मग हवेचा उरलासुरला मार्गही बंद होतो.

दुसरं कारण आपल्या हौसेतून येतं. रोपाची मुळं कुंडीबाहेर लोंबायला लागली की ती "बिचारी बाहेर आलीत" म्हणून आत कोंबली जातात आणि वर सोडण दाबलं जातं. हवेत वाढलेलं मूळ हवेसाठीच घडलेलं असतं. ते ओल्या चिखलासारख्या माध्यमात गेलं की काही आठवड्यांत सडतं. लोंबणारी मुळं लोंबू द्या. ती रोपाची सर्वांत मोठी ठेव आहे.

तिसरं, जागा. गॅलरीच्या ज्या कोपऱ्यात पाऊस थेट येत नाही म्हणून रोप सुरक्षित समजून ठेवलं जातं, तिथे वाराही येत नसतो. जुलैमध्ये हवेत इतकी आर्द्रता असते की वारा नसलेल्या कोपऱ्यात भिजलेलं मूळ दोन-दोन दिवस वाळत नाही. त्यापेक्षा ग्रीलच्या बाहेरच्या बाजूला टांगलेलं, पावसात चिंब होणारं आणि वाऱ्यावर डोलणारं रोप कितीतरी चांगलं जगतं. फक्त पागोळ्यांखाली टांगू नका. छपराच्या कडेवरून पडणारी धार एकाच जागी सतत आपटत राहते, रोपाचा शेंडा सुकतच नाही आणि वरची घाणही खाली येते.

पावसाळ्यात संध्याकाळी पाणी घालण्याची सवयही सोडा. रात्रभर ओलं राहिलेलं रोप बुरशीला आमंत्रण देतं.

दुरुस्ती

रोप कुंडीतून काढा. मुळं कुंडीला चिकटली असतील तर ओढाताण करू नका, अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवली की ती सैल होतात, आणि तरीही सुटली नाहीत तर प्लास्टिक कापा. सगळं जुनं सोडण झाडून टाका. नळाच्या धारेखाली मुळं धुवा. पिचकी, पोकळ मुळं कात्रीने कापून टाका, टणक मुळाला हात लावू नका. कात्रीचं पातं प्रत्येक रोपाआधी आचेवर धरा. ऑर्किडमधले विषाणू रसातून, म्हणजे आपल्याच हत्यारातून एका रोपावरून दुसऱ्यावर जातात, आणि त्यांच्यावर औषध नाही. ही एक गोष्ट आळस म्हणून टाळली जाते, आणि अख्ख्या संग्रहाला त्याची किंमत मोजावी लागते.

खोडाचा खालचा भाग तपकिरी आणि मऊ झाला असेल तर वर सरकत सरकत कापा. काप आतून स्वच्छ पांढरट-हिरवा दिसला की थांबा. कापलेल्या जागी हळद किंवा दालचिनीची पूड लावली तरी चालते, जखम कोरडी पडते. पूड जिवंत मुळांवर पडू देऊ नका, ती त्यांनाही सुकवते. नंतर रोप सावलीत, हवेशीर जागी एक दिवस नुसतं टांगून ठेवा.

पुन्हा बसवायचं कशात? माझं मत स्पष्ट आहे: अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात योग्य झाड असेल तर झाडावर, नसेल तर लाकडाच्या ओंडक्यावर किंवा सागाच्या पट्ट्यांच्या उघड्या टोपलीत. टोपलीत काही भरायचंच असेल तर लाकडी कोळशाचे दोन-तीन मोठे तुकडे पुरे. पावसाळी प्रदेशात सोडण, कोकोपीट, शेणखत, माती यांपैकी काहीही नको.

झाड निवडताना खरबरीत, न सुटणारी साल बघा. आंबा, फणस, जांभूळ, ऐन उत्तम. पेरूची साल सोलून पडते, निलगिरीचीही, तिथे मुळं धरत नाहीत. शहरातल्या अंगणासाठी मला चाफा फार आवडतो. तो उंच जात नाही, हाताशी राहतो, पावसाळ्यात पानांची सावली देतो आणि हिवाळ्यात पानं गाळून रोपाला ऊन मोकळं करतो. या गोष्टीचं महत्त्व पुढे फुलांच्या बाबतीत कळेल.

बांधायला सुंभ, सुती दोरी किंवा जुन्या बनियनची पट्टी घ्या. तांब्याची तार वापरू नका, ती मुळांना मारक असते. रोप इतकं घट्ट बांधा की वाऱ्याने हलणार नाही. सारखं हलणाऱ्या रोपाच्या नव्या मुळांची टोकं सालीवर घासून मोडतात, आणि बांधूनही रोप धरत नाही याचं कारण बहुधा हेच असतं. शेवाळाचा जाड थर मुळांवर लपेटू नका. फारच कोरड्या हवेत, विदर्भ-मराठवाड्याकडे, उन्हाळ्यापुरता पातळ थर चालेल, पण तो मृगाच्या आधी काढायला विसरू नका.

बांधण्याचा कोन मात्र नीट समजून घ्या, कारण पुढच्या दुखण्याचं मूळ त्यात आहे. या ऑर्किडची पानं पन्हळीसारखी असतात. ती पडणारं पाणी थेट मधल्या शेंड्याकडे नेतात. रानात रोप फांदीवरून बाहेर झुकलेलं, तिरकं किंवा लोंबतं असतं, त्यामुळे पाणी शेंड्यात साचत नाही, पानांच्या टोकांवरून गळतं. आपण कुंडीत ते ताठ उभं करतो आणि शेंड्याची वाटी भरत राहते. म्हणून रोप आडवं किंवा थोडं खाली झुकलेलं बांधा. काही महिन्यांत शेंडा आपोआप उजेडाकडे वळेल, त्याची काळजी नको.

हे सगळं करायचा सर्वांत चांगला काळ म्हणजे फुलं संपल्यानंतर, मृगाच्या आगेमागे, जेव्हा खोडातून नव्या मुळांची हिरवी टोकं डोकावू लागतात. त्यानंतरचं पाणी पाऊसच घालतो. पण रोप आजच कुजत असेल तर महिना बघू नका, आज काढा.

एकही मूळ उरलं नसेल तर

अशी रोपंही वाचतात, वेळ लागतो. रोप सावलीत टांगा, खाली पाण्याचं पसरट भांडं ठेवा म्हणजे भोवतीची हवा ओलसर राहील. सकाळी पानांच्या पाठीवर आणि खोडाच्या तळाशी हलका फवारा द्या, शेंडा कोरडा ठेवा. खत अजिबात नको, घ्यायला मुळंच नाहीत. कोरड्या हवेत खोडाचा तळ किंचित ओल्या शेवाळात सैलसर गुंडाळता येतो, पण शेवाळ पिळल्यावर थेंब पडता कामा नये. नवं मूळ फुटलं आणि बोटभर झालं की हळूहळू जास्त उजेडात न्या.

सुरकुतलेली जुनी पानं पूर्ण गुळगुळीत होत नाहीत. त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका आणि ती कापूही नका. रोप सावरलंय की नाही हे नवं पान सांगतं.

शेंडा काळा पडला तर

भर पावसात मधलं कोवळं पान तळाशी तपकिरी-काळं होतं, हलकं ओढलं की हातात येतं. हा शेंडाकुज. फायटोफ्थोरा जातीचे जीव हे त्याचं एक नेहमीचं कारण. कोकणातल्या बागायतदारांना त्यांचे भाऊबंद चांगले माहीत आहेत, सुपारीचा कोळेरोग त्याच घराण्यातला. पाणी साचलेला शेंडा आणि थांबलेली हवा मिळाली की तो दोन-चार दिवसांत पसरतो. पानावर पाणचट, दुर्गंधी येणारा, बोट लावताच फुटणारा डाग असेल तर ती जिवाणूंची कुज आहे, आणि ती याहून वेगाने जाते.

दोन्हींत पहिला उपाय एकच: रोप ताबडतोब इतरांपासून वेगळं करा, पावसाबाहेर पण वाऱ्यात न्या, कुजलेला भाग निरोगी भागात बोटभर आत जाऊन कापा. फायटोफ्थोरावर फोसेटिल-अ‍ॅल्युमिनियम किंवा मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब यांचं मिश्रण चालतं. प्रमाण पाकिटावर दिलेलंच ठेवा, हातमोजे घाला आणि लहान मुलं-जनावरं दूर ठेवा. जिवाणूंच्या कुजीवर या औषधांचा उपयोग नाही, तिथे कापणं आणि कोरडं ठेवणं हाच उपाय. सुपारीवर मारतात म्हणून बोर्डो मिश्रण ऑर्किडवर मारण्याचा मोह टाळा. तांबं कोवळ्या मुळांची टोकं आणि पानं भाजू शकतं.

शेंडा गेला तर हे रोप वर वाढत नाही, कारण त्याला वाढीचा एकच शेंडा असतो. तरी लगेच फेकू नका. मुळं आणि खालची पानं शाबूत असतील तर खोडाच्या बाजूने बाळरोप फुटतं, आणि ते स्वतःची मुळं धरेपर्यंत आईला लावूनच ठेवायचं.

उन्हाने भाजल्याचा डाग याहून वेगळा. तो पानाच्या वरच्या, उन्हाकडच्या बाजूला असतो, आधी फिकट आणि मग कोरडा तपकिरी होतो, पसरत नाही. त्याला औषध लागत नाही, फक्त दुपारची सावली.

मुळं छान आहेत, पानं टवटवीत आहेत, तुरा मात्र नाही

इथे आधी वय विचारा. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात अन्नसाठा नसतो. रानात ते विशिष्ट बुरशीच्या मदतीने रुजतं आणि प्रयोगशाळेत बाटलीतल्या पोषक जेलीवर. बाटलीतून निघालेल्या बोटभर रोपाला फुलायला काही वर्षं लागतात. प्रत्येक नवं पान आधीच्या पानापेक्षा लांब येत असेल तर रोप अजून वाढत्या वयात आहे. नवी पानं जुन्यांइतकीच लांब येऊ लागली की ते वयात आलं असं समजायला हरकत नाही.

वयात आलेलं रोप फुलत नसेल तर कारण जवळजवळ नेहमी उजेड असतं. पुन्हा रानाकडे बघा. ऐनासारखी झाडं उन्हाळ्याच्या आधी पानं गाळतात. पावसाळ्यात दाट छायेत भिजलेली सीतेची वेणी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात भरपूर उजेडात येते, आणि मग मे-जूनमध्ये फुलते. आपण काय करतो? फेब्रुवारीत ऊन चढू लागलं की काळजीने रोप आत, सावलीत सरकवतो. ज्या तीन महिन्यांत तिला उजेड हवा असतो नेमक्या त्याच महिन्यांत तो काढून घेतो.

उजेड पुरतोय का हे पानांचा रंग सांगतो. गडद, काळपट हिरवी, मऊ आणि लांबलचक लोंबणारी पानं म्हणजे उजेड कमी. किंचित पिवळसर झाक असलेली, टणक पानं, कधी जांभळट ठिपक्यांसह, म्हणजे योग्य. पूर्वेची गॅलरी असेल तर सकाळचं तीन-चार तासांचं थेट ऊन छान चालतं. गच्चीवर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी पुरेशी आहे. ७५ टक्क्यांच्या जाळीखाली ती जगते, फुलेल याची खात्री नाही. उत्तरेच्या गॅलरीत, समोर दुसरी इमारत असेल तर मी ही जात लावायला सांगणार नाही. तिथे कमी उजेडावर समाधानी असणारं फॅलेनॉप्सिस हे ऑर्किड लावा. जास्त उजेडात न्यायचं ते टप्प्याटप्प्याने, दोन-तीन आठवड्यांत. एका दिवसात सावलीतून उन्हात आणलेलं रोप भाजतंच.

दुसरी गोष्ट हिवाळा. नोव्हेंबरपासून सह्याद्रीत पाऊस नसतो, फक्त दव आणि धुकं. मुळांची टोकं पांढऱ्या आवरणाखाली झाकली जातात, वाढ थांबते. या काळात रोज पाणी आणि खत देत राहिलं तर रोपाला विसावा मिळत नाही. बांधलेल्या रोपाला नोव्हेंबर ते जानेवारीत दोन-तीन दिवसांआड सकाळी पाणी पुरतं. पानं सुरकुतायला लागली तर अंतर कमी करा, तिला वाळवायचं नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून, मुळांची टोकं पुन्हा हिरवी दिसू लागली की पाणी वाढवत जा. बांधलेल्या रोपाला एप्रिल-मेमध्ये रोज, विदर्भातल्या उन्हाळ्यात दिवसातून दोनदाही लागतं. प्रत्येक वेळी मुळं हिरवी होईपर्यंत भिजवा आणि पुढच्या पाण्याआधी चंदेरी होऊ द्या.

तुरा पानाच्या बगलेतून निघतो, मूळही त्याच भागातून. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत हिरवं असतं. तुऱ्याचं टोक चपटं, एकावर एक खवले असल्यासारखं असतं. तुरा दिसला की रोपाची जागा आणि दिशा बदलू नका. कळ्या गळण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच, आणि दुसरं म्हणजे मे महिन्यात एखादा दिवस पाणी चुकणं.

पाणी आणि खत

बोअरचं जड पाणी वर्षभर वापरलं तर मुळांवर आणि लाकडावर पांढरा थर जमतो आणि मुळांची टोकं तपकिरी होऊन थांबतात. जमेल तेवढं पावसाचं पाणी साठवा. नाही जमलं तर नळाचं चालेल. खत दिल्याच्या पुढच्या खेपेला नुसत्या पाण्याने रोप भरपूर धुवून काढा. खत म्हणजे १९:१९:१९ हे विद्राव्य खत, लिटरला अर्धा ग्रॅम, जून ते ऑक्टोबर आठवड्यातून एकदा, आधी मुळं साध्या पाण्याने भिजवून. शेतीच्या मात्रेने देऊ नका. फुलांसाठी म्हणून विकली जाणारी टॉनिकं उजेडाची जागा घेत नाहीत.

मुळं फुटतात आणि लगेच थांबतात

नवं मूळ दिसतं, आठवड्याने त्याचं हिरवं टोक गायब असतं. हा खाण्याचा प्रकार आहे. रात्री बॅटरी घेऊन बघा: गोगलगाय, बिनशंखी गोगलगाय किंवा झुरळ सापडेल. पावसाळ्यात हाताने वेचणं हा सर्वांत खात्रीचा उपाय, आणि टांगलेल्या रोपाला त्रास कमी होतो कारण चढायला वाट नसते. पानांच्या बगलेत कापसासारखे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, आठवड्याने पुन्हा पुसा. मुंग्यांची रांग दिसली तर त्या बहुधा याच किडींच्या चिकट द्रवासाठी येत असतात, म्हणून मुंग्यांमागे न लागता कीड शोधा.

रोप कुठून आणलं?

काही वेळा दोष आपल्या देखभालीत नसतोच. घाटरस्त्याला किंवा आठवडी बाजारात स्वस्तात मिळणारी मोठी, लोंबती रोपं बहुतेकदा रानातून ओरबाडलेली असतात. मुळं फांदीवरून खरवडून तोडलेली, सालीचे तुकडे अजून चिकटलेले, जुन्या पानांवर शेवाळाचे आणि दगडफुलाचे डाग. अशा रोपाची चार-पाच वर्षांची मुळं एका दिवसात गेलेली असतात. ते खोडात साठलेल्या बळावर एकदा फुलतं आणि मग खंगतं, आपण मात्र वर्षभर स्वतःचं काय चुकलं ते शोधत राहतो. सगळ्याच ऑर्किडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या जागतिक वन्यजीव-व्यापार कराराची बंधनं आहेत ती उगाच नाहीत. कृपा करून ही रोपं घेऊ नका. मागणी थांबली तरच फांद्या शाबूत राहतील. बियांपासून प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं रोपवाटिकांत मिळतात, लहान असतात, वाट बघायला लावतात, पण त्यांची मुळं त्यांचीच असतात.

आपल्या वाडीतल्या आंब्याची फांदी वाऱ्याने मोडली आणि तिच्यावर सीतेची वेणी असेल तर तिला बांडगूळ समजून जाळू नका. बांडगूळ झाडाचा रस शोषतं, ही फक्त आधाराला बसलेली असते. मुळं न सोडवता फांदीचा तेवढा तुकडा कापा आणि तुकड्यासकट दुसऱ्या झाडाला बांधा. एका-दोन पावसाळ्यांत मुळं नव्या सालीवर उतरतात.

एवढं तपासूनही रोप सावरत नसेल आणि कुणा जाणकाराला दाखवायचं असेल, तर नुसत्या पानांचा फोटो पुरत नाही. मुळांचे दोन फोटो काढा, कोरडी असतानाचा आणि भिजल्यावरचा. कुंडीत असेल तर काढून आतला भाग दाखवा. गॅलरी कोणत्या दिशेला आहे, थेट ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, पाणी नळाचं की बोअरचं, आणि शेवटचं नवं पान आधीच्या पानाइतकं लांब आलं की आखूड, हे सोबत सांगा.